नऊ भोकांचं दार

थोरल्या डॉक्टरांच्या जन्मशताब्दीचा ग्रंथ परवा कुणीतरी घरी आणून दिला. सातशे पानं, सोनेरी कड, धरून धरून मनगट दुखावं असा. त्यात माझ्या ताईला दीड ओळ आहे. 'मंडळातल्या पहिल्या स्त्री-विश्लेषक. पुढे एका रुग्णात भावनेनं गुंतल्यामुळे त्यांना काम सोडावं लागलं.'

दीड ओळ. आणि तीही खोटी!

मी फार शिकलेली नाही. ताईकडे येणाऱ्याला दार उघडायचं आणि ताईच्या टिपणांच्या स्वच्छ प्रती काढायच्या, एवढीच माझी विद्या. पण ती दीड ओळ वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ताई आता नाही. मी गप्प बसले तर त्या सोनेरी कडेचंच खरं ठरेल. म्हणून लिहिते.

ताईनं मनाची डॉक्टरी करायची ठरवली तेव्हा आमचा मामा पोट धरधरून हसला होता. "अगं, पोटाचा रोगी जीभ काढून दाखवतो. मनाला जीभ असते का?"

"असते मामा," ताई म्हणाली. "तीच तर सगळे चावून धरतात."

आमच्या मागच्या खोलीत तिनं काम मांडलं. गल्लीतल्या सुतारकाकांकडून लांब कोच करून घेतला, डोक्याकडून चढता. माणसानं त्यावर पडायचं आणि मनात येईल ते बोलायचं. ताईची खुर्ची त्याच्या डोक्यामागे, त्याला दिसणार नाही अशी. घड्याळाचं तोंड ताईकडे. समोर माणूस असताना एक अक्षर लिहायचं नाही. तो गेला की ताई सगळं आठवून लिहायची, आणि दिवेलागणीच्या आत मी प्रत काढायची. तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वारुळं. ती फोडता फोडता मी किती जणांची दुःखं वाचली, त्याला गणती नाही. बाहेर कधी चकार शब्द काढला नाही. आज पहिल्यांदा काढते आहे, आणि जिची गोष्ट आहे तिला विचारून काढते आहे.

हे सगळे नियम थोरल्या डॉक्टरांचे. आणखी एक मोठा नियम होता: रुग्णाच्या घरी कधीही जायचं नाही. "आपल्याला त्याच्या आत बघायचंय, त्याच्या घरात नाही," ते म्हणायचे.

दर गुरुवारी चार वाजता त्यांच्या दिवाणखान्यात मनोविश्लेषकांचं मंडळ भरायचं. टेबलावर काचेचा वाडगा, त्यात प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं बोललंच पाहिजे. अकरा पुरुष आणि माझी ताई. तिथं एक शब्द फार चालायचा: अडसर. तुम्ही त्यांचं म्हणणं मान्य केलंत तर ते बरोबर. अमान्य केलंत तर तुमच्या मनानं आतून अडसर घातलाय, म्हणजे ते दुप्पट बरोबर. हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर हो हो! अशा माणसांशी भांडायचं कुठल्या तोंडानं? माझी ताई त्या घरात सात वर्षं गेली. तिला वाटायचं, जगात खरं ऐकणारी माणसं असतील तर ती हीच.

मग टेलिफोनवाली आली.

एकवीस वर्षांची पोर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला. अशा मुली एका भिंतीसमोर ओळीनं बसायच्या, त्या भिंतीला शेकडो भोकं. या भोकातली तार काढून त्या भोकात घालायची, की इकडचा माणूस तिकडच्याशी बोलायचा. सगळ्या शहराचं बोलणं जिच्या हातून जायचं, तिचाच आवाज जायचा. "नंबर सांगा" म्हणायला तोंड उघडायची आणि घशातून नुसती हवा. घसा बघणारे तीन डॉक्टर झाले, घशात काही नव्हतं. वडिलांनीच तिला थोरल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ताईकडे पाठवलं. वडील मुलांच्या शाळेचे हेडमास्तर. नीटनेटका माणूस, बुटाच्या नाड्यासुद्धा सारख्या लांबीच्या. मुलांच्या शिस्तीवर त्यांचं व्याख्यान मंडळातच झालं होतं.

मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ती यायची, आणि ताईच्या खोलीत तिला आवाज होता. दोन महिन्यांनी एका मंगळवारी ती कपाटाबद्दल बोलली. ते टिपण मला पाठ आहे.

घरातल्या बोळात एक कपाट होतं. चूक झाली की वडील तिला त्यात ठेवायचे. ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत. "तू गप्प झालीस की उघडीन," म्हणायचे. रडू थांबेपर्यंत दार बंद, आणि थांबल्यावर आणखी एक तास, थांबलं ते खरंच थांबलं का हे बघायला. दाराला नऊ भोकं होती. त्यातून आईची पावलं दिसायची. पावलं कपाटापाशी यायची, थबकायची, पुढे जायची.

ताईनं त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं: 'एक्स्चेंजच्या बोर्डावरची भोकं! त्यांच्यासमोर बसली की ती पुन्हा गप्प होते.' तिचा आनंद त्या अक्षरात मावत नव्हता. एवढी सरळ गाठ, आणि ती हिनं एकटीनं सोडवलेली.

गुरुवारी तिनं हे मंडळात वाचलं. परत आली ती उतरल्या चेहऱ्यानं. मंडळातले दाताचे डॉक्टर, म्हणजे दिवसा दाढा उपटायचे आणि गुरुवारी मनं, ते म्हणाले होते, "कपाट? बाई, कपाट म्हणजे कपाट कसं असेल? अंधारी, बंद, उबदार जागा. आईचं पोट ते. आणि भोकं नऊ. नऊ! महिने मोजा की."

थोरल्या डॉक्टरांनी मान डोलावली होती. मुलीला पुन्हा आईच्या पोटात जायचंय. ती इच्छा लपवायला तिनं कपाट रचलं, आणि दोष ठेवला बिचाऱ्या वडिलांवर.

"आणि तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, मला पटत नाही. सगळे हसले. म्हणाले, अडसर."

आता इथं मला ताईचाही राग आहे. तो झाकला तर हे लिहिणंही त्या ग्रंथासारखंच होईल. ताई त्यांना भ्याली नाही. तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्याचं नुकसान भ्यायल्यापेक्षा मोठं झालं. पुढच्या मंगळवारचं टिपण मी प्रत काढायला घेतलं, त्यात तीनच वाक्यं होती. 'मी तिला सांगितलं की कपाट हे कपाट नव्हे, ती तिच्या मनातली जागा आहे. ती हसली. मग बोलली नाही.'

त्यानंतर ताईच्या खोलीतही तिचा आवाज गेला. वेळेवर यायची, कोचावर पडायची, छताकडे बघायची, तास भरला की उठायची. असे तीन आठवडे. ताई वाट बघायची. वाट बघणं हे त्यांच्या शास्त्रात औषध होतं म्हणे.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, ती जाताना मी दार उघडलं, तेव्हा तिनं माझ्या हातात एक कागद कोंबला. एक्स्चेंजमध्ये कॉल टिपून ठेवायची छापील चिठ्ठी. 'कोणाचा कॉल' या रकान्यात लिहिलं होतं, चिमी. ही तिची धाकटी बहीण, सहा वर्षांची. आणि खाली लिहिलं होतं: 'कपाट नाही म्हणता ना? मग परवा दुपारी चिमीला त्यात ठेवलं तेव्हा ती कुठे होती?'

मी ती चिठ्ठी नेऊन ताईच्या पुढ्यात आपटली. "वाच. आणि आता सांग मला, पोर आईच्या पोटात परत गेली म्हणून."

ताईनं वाचली. पुन्हा वाचली.

"आपण घरी जात नसतो," ती म्हणाली, पण तिचा आवाज पार बारीक झाला होता. "आपल्याला आत बघायचं असतं."

"मग कपाटाच्या आत बघ की!"

आमची आई वेणी घालताना एक गाणं म्हणायची. कुठून आलं होतं देव जाणे. केस ओढले गेले की आम्ही ओरडायचो, आणि ती गाण्यानं बोळवण करायची.

*एका दाराला दोन कड्या, एक आतली, एक बाहेरली;*
*आतली लावून निजावं बाई, बाहेरली कुणी लावली?*

ते त्या क्षणी कसं आठवलं मला, सांगता येत नाही. मी ते मोठ्यानं म्हटलं. ताई उठली आणि कोट घालायला लागली. कोटाची बटणं वरखाली लावली होती, ती मी नीट करायला गेले तर म्हणाली, "राहू दे. सुतारकाकांना बोलाव. हत्यारं घेऊन."

अकरा वाजता आम्ही तिघं त्यांच्या दाराशी उभे होतो. हेडमास्तर शाळेत. दार आईनं उघडलं. ओले हात पदराला पुसत ती बघत राहिली.

"मी तुमच्या थोरलीची डॉक्टर," ताई म्हणाली. "कपाट दाखवा."

कुठलं, असं तिनं विचारलं नाही. ते न विचारणं माझ्या अजून उरात आहे. ती वळली आणि बोळात चालायला लागली.

घर इतकं स्वच्छ की धुळीलाही परवानगी काढून यावं लागलं असतं. बोळाच्या टोकाला कपाट. साधं, तपकिरी, एका दाराचं. कडी बाहेरून. आत ना खुंटी, ना फळी, ना कपडा. नुसता डांबराच्या गोळ्यांचा वास. आणि दारात, माझ्या मांडीएवढ्या उंचीवर, एका ओळीत भोकं. मी मोजली. ताईनं मोजली. सुतारकाकांनी बोट लावून मोजली. नऊ.

"गिरमिटानं पाडलीत," काका म्हणाले. "आधी पट्टी लावून रेघ मारलीय. हात सरळ आहे माणसाचा." मग ते खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. "डॉक्टरीणबाई, ही बघा."

गुडघ्याएवढ्या उंचीवर आणखी पाच भोकं होती. वरची नऊ हातानं, घामानं, वर्षांनी काळी पडलेली. ही पाच आतून पांढरी. उंबरठ्याच्या खाचेत लाकडाचा भुसा अजून तसाच होता.

ताई कपाटात शिरली, गुडघ्यांवर बसली आणि मला म्हणाली, "कडी लाव."

"ताई, काहीतरीच काय!"

"लाव म्हणते ना."

मी लावली. किती वेळ गेला कोण जाणे. आतून श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. सुतारकाका टोपी हातात घेऊन उभे होते, कुणाची मयत असावी तसे. शेवटी माझ्याच्यानं राहवेना, मी कडी काढली. ताईचा चेहरा घामानं भिजला होता.

"पावलं दिसतात गं," ती म्हणाली. "नुसती पावलं. येतात आणि जातात."

मुलींची आई भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "गुदमरू नये म्हणून पाडली त्यांनी. काळजी असते त्यांना." हे तिनं इतक्या सवयीनं म्हटलं, जसं काही हवापाण्यावर बोलावं. मग तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिनं तोंडावर हात धरला.

"मी हे दार नेते आहे," ताई म्हणाली.

"त्यांना काय सांगू?"

"सांगा, बिजागऱ्या कुरकुरत होत्या, सुताराकडे दुरुस्तीला दिलंय," काका म्हणाले. "खोटं कुठाय त्यात? कुरकुरतातच."

ते पेच काढायला लागले. शेवटचा पेच निघताना दार कलंडलं, तेव्हा ते धरायला त्या बाईनंच दोन्ही हात पुढे केले. ते पेलून ती उभी राहिली, आणि काकांनी हातगाडीवर दोरी बांधेपर्यंत सोडलं नाही.

चार वाजता ते दार मंडळाच्या दिवाणखान्यात टेबलाला टेकवून उभं होतं. मला आणि काकांना दाराशी थांबवलं होतं, पण तिथून सगळं दिसत होतं. ताईनं सांगितलं ते चार वाक्यांत सांगितलं. माझी चूक झाली. कपाट आहे. हे त्याचं दार. आणि खालची पाच भोकं एका सहा वर्षांच्या मुलीसाठी नवी पाडलेली आहेत, तिला तिथून काढायला मला तुमची मदत हवी.

मला वाटलं, आता हे लोक उठतील. अकरा शिकलेसवरलेले पुरुष. निदान एक तरी दाराला हात लावून बघेल.

थोरल्या डॉक्टरांनी चष्मा पुसला. "बाई, तुम्ही रुग्णाच्या घरी गेलात?"

"गेले."

"हं," ते म्हणाले, आणि वाडग्यात हात घातला.

एकेक चिठ्ठी निघाली. एकेक जण बोलला. चिमीबद्दल कुणी नाही, सगळे ताईबद्दल. बाईंना स्वतःचं मूल नाही, म्हणून दुसऱ्याचं पळवावंसं वाटतं. कपाटात जाऊन बसल्या, याचा अर्थ तर उघडच आहे. दाताचे डॉक्टर दाराभोवती एक फेरी मारून आले. "दार उचकटून आणणं! आणि तेही पुरुषाच्या घरचं! मित्रहो, यात काय काय दडलंय ते बघण्यासारखं आहे. शिवाय वर नऊ, खाली पाच—"

"साहेब," सुतारकाका उंबरठ्यावरून म्हणाले, "याला भोकं म्हणतात."

कुणी हसलं नाही. शिपायानं काकांच्या दंडाला धरलं, आणि तेवढ्यात मागून हेडमास्तर आले. बायकोनं सांगितलं होतं. ते चिडलेले नव्हते, हेच भयंकर होतं. टोपी काढून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

"क्षमा करा, बैठक मोडतोय. ते दार आमचं आहे."

"मास्तर," ताई म्हणाली, "ही भोकं कशासाठी आहेत, एवढं या सगळ्यांना सांगा."

"हवा यावी म्हणून." त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. "मी काही क्रूर माणूस नाही."

"आणि नऊच का?" ताईनं दाताच्या डॉक्टरांकडे बघत विचारलं.

"फळीच्या रुंदीत तेवढीच बसतात. आखून पाडलीत. खालची पाच पुरतात, धाकटी अंगानं लहान आहे."

दाताचे डॉक्टर खाली बसले. मी थोरल्या डॉक्टरांकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. देवाशपथ सांगते, त्या म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं. त्याचे डोळे त्या पाच भोकांवर एकदा गेले आणि भाजल्यासारखे परत आले. मग त्यांनी वाडग्यावर झाकण ठेवलं.

"आजची बैठक इथंच थांबवू," ते टिपणं घेणाऱ्याला म्हणाले. "आणि मास्तरांचं बोलणं नोंदीत नको. ते सभासद नाहीत."

"दाराचं काय?" ताईनं विचारलं. "ते नोंदीत घ्याल?"

"दार सभासद आहे का?" कुणीतरी म्हणालं, आणि आता मात्र ते हसले. सुटका झाल्यासारखे हसले.

ताई टेबलापाशी गेली. वाडग्याचं झाकण काढलं, आतल्या चिठ्ठ्या चाळल्या, स्वतःच्या नावाची शोधली आणि पर्समध्ये टाकली. "मग मीही नाही," म्हणाली.

हेडमास्तर दाराला हात घालायला पुढे झाले, पण काकांनी ते आधीच पाठीवर घेतलं होतं. "दुरुस्तीला आलंय साहेब. वेळ लागेल."

"किती?"

"मुलगी मोठी होईपर्यंत."

याला म्हणे भावनेनं गुंतणं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींची आई चिमीला घेऊन आमच्या दारात आली. पोरीच्या पायात बूट उलटेसुलटे, हातात कपड्यांचं गाठोडं. तिला आत ढकललं आणि स्वतः परत गेली. का परत गेली ते विचारू नका. मलाही त्याचा राग येतो, आणि तिनं दोन हातांनी धरलेलं ते दार आठवलं की राग निम्मा होतो. थोरलीनं महिन्याभरात खोली घेतली आणि बहिणीला तिकडे नेलं. हेडमास्तरांनी कायद्याची भाषा केली. "कोर्टात जरूर या," ताईनं निरोप धाडला, "दारही येईल." ते आले नाहीत. आणखी नऊ वर्षं शाळा चालवून हारतुरे घेऊन निवृत्त झाले. दाताच्या डॉक्टरांचा 'नऊचा अर्थ' हा लेख छापून आला, त्यात कपाट आहे, भोकं आहेत, माझी ताई नाही आणि चिमी तर नाहीच नाही. तो या नव्या ग्रंथातही आहे, पान तीनशे बारा. मुलं त्यावर परीक्षा देतात.

आणि ताईनं काम सोडलं, हे तर धादांत खोटं. तिनं खुर्ची हलवली. कोचाच्या मागून उचलून समोर आणली, येणाऱ्याला तिचं तोंड दिसेल अशी, आणि पुढची एकोणतीस वर्षं तिथं बसली. टेलिफोनवालीला ती पहिल्याच दिवशी समोरून म्हणाली, "मी चुकले. कपाट होतं." पोर घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कडी बाहेरून होती." आवाज असा आला. एकदम नाही आला, पुढेही मधूनमधून जायचा, पण आला.

त्या दाराची कडी काकांनी उपटून फेकली आणि खाली चार पाय ठोकून टेबल करून दिलं. ते ताईच्या खोलीत ठेवलं. आता मी त्यावरच लिहिते आहे. टाक भोकात अडकतो, शाई सांडते.

एका गुरुवारी चार वाजता दोघी बहिणी आल्या होत्या. थोरली ताईसमोर बसून बोलत होती. मी लिमलेटच्या गोळ्या घेऊन आत गेले तर चिमी कुठं दिसेना. थोरलीचा चेहरा पांढराफटक झाला. ताईनं ओठांवर बोट ठेवलं आणि टेबलाकडे दाखवलं. खालच्या पाचांपैकी एका भोकातून एक इवलंसं बोट वर आलं होतं आणि हलत होतं.

ताईनं ते चिमटीत धरलं. "बाहेर येतेस का गं?"

"नाही," टेबलाखालून आवाज आला. "मी आपली बसलेय. मला कुणी बसवलं नाही."

"बरं," ताई म्हणाली. तिनं बोट सोडलं, त्या भोकावर एक गोळी ठेवली, ती लगेच खाली ओढली गेली. मग ती थोरलीकडे वळली, आणि दोघी बोलत राहिल्या.

त्या दिवशीच्या टिपणात त्या बोटाबद्दल एक ओळ आहे, आणि तिचा कुठलाही अर्थ ताईनं लावलेला नाही.